बोधचिन्हाचे मानकरी

“या वेळी माझे नाव बोधचिन्हाच्या खाली छापले जाईल, आणि तेही असे, की चष्मा न लावता वाचता यावे!”

ही प्रतिज्ञा मधुकरराव देवस्थळी यांनी साताऱ्यातील आपल्या घरी, सकाळचा चहा बशीत ओतता ओतता केली. ती ऐकण्यास त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई तेवढ्या उपस्थित होत्या, आणि त्यांचे लक्ष दुधावर होते.

“अहो, आधी चिन्ह तर काढा,” त्या म्हणाल्या.

वास्तविक मधुकररावांचा उद्वेग अकारण नव्हता. चित्रकलेचे शिक्षक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली आणि त्या काळात गावोगावच्या संस्थांना चिन्हे काढून दिली. कुण्या दूध संस्थेची गाय त्यांची, कुण्या तालमीची गदा त्यांची, एका ग्रंथालयाची समई तर सर्वस्वी त्यांची. परंतु गायीखाली अध्यक्षांचे नाव, गदेखाली वस्तादांचे नाव, आणि समईखाली तेलाचा खर्च देणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव! त्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी तर प्रमुख वक्त्यांनी समईकडे बोट दाखवून गहिवरून सांगितले होते, “ही कोणा अज्ञात कलावंताची कृती आहे.” अज्ञात कलावंत त्या वेळी दुसऱ्या रांगेत बसले होते! ते अर्धे उठले. मग उठणे बरे दिसणार नाही असे वाटून त्यांनी खुर्ची सरकवण्याचे निमित्त केले आणि पुन्हा बसले. ते अर्धे उठणे त्यांच्या अंतःकरणात तसेच राहून गेले होते.

म्हणूनच, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली सांगलीत ‘सर्जन-सदाचार मंडळ’ स्थापन झाले, तेव्हा मधुकररावांना ती संस्था केवळ आपल्याकरिता अवतरली आहे असे वाटले. कलाक्षेत्रात नीती नांदावी, एकाच्या फलकावरचा वाघ दुसऱ्याने उचलू नये, एकाची रांगोळी दुसऱ्याने आपली म्हणून मिरवू नये, हा मंडळाचा उदात्त हेतू. अध्यक्ष होते विट्याकडचे आप्पासो. दक्षिणेत सोने गाळण्याचे दुकान अनेक वर्षे चालवून ते आता गावी परतले होते आणि नाटकाच्या वेडापायी कलेच्या वाटेला आले होते.

“सोन्यातलं हीण काढण्यात आमचा जन्म गेला,” ते पहिल्याच सभेत गरजले, “आता कलेतलं काढू! त्यात काय लय अवघड हाय?”

कार्यवाह होते वकील देवदत्त केळकर. यांची प्रामाणिकता इतकी तीव्र, की रस्त्यात कोणी नमस्कार केला तर तो आपल्यालाच केला आहे ना, याची खात्री करून मगच ते परत करीत! मंडळाचा पहिला नियम मात्र मधुकररावांनी सुचवला होता: ज्याचा कलाकृतीस हात लागला, त्याचे नाव तीवर आलेच पाहिजे, आणि ज्याचे काम तीत नाही, त्याचे नाव तीवर येता कामा नये. टाळ्यांच्या गजरात तो संमत झाला. मंडळाचे बोधचिन्ह, पत्रे लिहिण्याचा छापील कागद, परिचयपत्रक आणि इंटरनेटवरचे संकेतस्थळ या साऱ्यांची मांडणीही मधुकररावांकडेच सोपवण्यात आली.

मधुकररावांनी उघडा तळहात काढला आणि त्यावर ताठ उभा कुंचला. खाली बारीक अक्षरांत आपले नाव लिहिले, थोडे दूर जाऊन पाहिले, आणि ती अक्षरे खोडून मोठी केली. मग ते चित्र छातीशी धरून ते एसटीने सांगलीस गेले.

सभेत चित्र भिंतीला टेकवून ठेवण्यात आले.

“सर,” आप्पासो घसा खाकरून म्हणाले, “चित्र झ्याक हाय. पर हा पंजा ऱ्हाऊ द्या बरं! लोकं म्हंतील, इलेक्शन आलं!”

सभागृहात हशा पिकला. मधुकररावांनाही ते पटले. तळहाताच्या जागी ओंजळ करण्याचे ठरले आणि विषय संपला, असे सर्वांना वाटले. सर्वांना म्हणजे, देवदत्त वकील सोडून.

“एक मिनिट,” वकील उभे राहिले. “हात बदलला तो आप्पासोंच्या सूचनेने. म्हणजे आप्पासोंचा कलाकृतीस हात लागला. नियमाप्रमाणे त्यांचे नाव आले पाहिजे.”

“आवं, मी आपलं सहज बोललो!”

“सहज असो वा विचारपूर्वक, नियमात तसा भेद नाही. नियम देवस्थळी सरांचा आहे.”

सर्वांनी मधुकररावांकडे पाहिले. श्रेय न मिळण्याचे दुःख ज्याने भोगले, तो दुसऱ्याचे श्रेय कसे नाकारणार? त्यांनी उदारपणे मान डोलावली, आणि स्वतःच्या नावाखाली लिहिले: ‘हस्तपरिवर्तन: आप्पासो’.

तो क्षण मागाहून मधुकररावांना अनेकदा आठवला. धरणाला पहिली भेग पडते, तेव्हा तीही अशीच बारीक असणार!

घरी आल्यावर प्रमोदिनीबाईंनी चित्र पाहून सहज विचारले, “ओंजळीत लाटणं कशाला धरलंय?” मधुकररावांनी निमूटपणे कुंचला बारीक केला. परंतु नीतीचा प्रश्न होता. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच पत्नीच्या सूचनेचे निवेदन केले, आणि यादीत ‘कुंचला-कृशीकरण: सौ. प्रमोदिनी देवस्थळी’ अशी नोंद झाली.

त्याच सभेत हळदीच्या व्यापारातल्या अंबूबाईंनी चिन्ह पिवळे असावे असे सुचवले. सांगलीचे मंडळ, तेव्हा हळदीचा रंग! ‘वर्णयोजना: अंबूबाई’. त्यावर नाटकांचे पडदे रंगवणारे नाथाजी कडाडले, “पांढऱ्यावर पिवळं काय दिसणार? कावीळ झालीय का मंडळाला?” चर्चेअंती रंग पिवळाच राहिला. नाथाजींची सूचना फेटाळली गेल्याने नियमाच्या दुसऱ्या भागानुसार त्यांचे नाव येऊ नये, असा निर्णय वकिलांनी दिला.

“मग हा माझा राजीनामा!” नाथाजी उठले. “तास न् तास घसा कोरडा केला तो कुणासाठी?”

मंडळाची पहिलीच फूट! आप्पासोंनी नाथाजींचा हात धरला, “बसा गड्या, बसा,” आणि वकिलांकडे केविलवाणे पाहिले. वकिलांनी डोळे मिटून चिंतन केले. नाथाजींच्या विरोधामुळेच पिवळा रंग विचारपूर्वक राखला गेला; सबब विरोध हाही कृतीचा अंश होय. ‘वर्णविरोध: नाथाजी’. नाथाजी प्रसन्न होऊन बसले. परंतु ज्यांनी काहीच विरोध केला नव्हता, ते आता अस्वस्थ झाले. आपण गप्प राहिलो म्हणूनच ठराव झाला ना? त्यांचेही म्हणणे रास्त होते. ‘मौनसंमती’ या मथळ्याखाली उरलेली सारी सभा दाखल झाली!

तेवढ्यात हरणाबाई चहा घेऊन आल्या. मंडळाच्या खोलीची झाडलोट आणि चहा त्या पाहात. मेजावर जागा नसल्याने त्यांनी एक कप नेमका तिथे पसरलेल्या चित्रावर टेकवला. उचलला तेव्हा ओंजळ आणि कुंचला यांच्या भोवती चहाचे सुबक, तपकिरी वर्तुळ उमटले होते.

मधुकरराव चित्रावर झेपावले. पण रागाने नव्हे. इतके दिवस चिन्हात काहीतरी उणे भासत होते, ते हेच वर्तुळ! “राहू द्या! पुसू नका!” ते ओरडले.

“आवं सर, चुकी झाली,” हरणाबाई घाबरून म्हणाल्या.

“चूक नव्हे, बाई! तुम्ही चिन्ह पूर्ण केलंत! तुमचं नाव छापणार!”

हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला. थोडा वेळ त्या दाराशीच घुटमळल्या. मग म्हणाल्या, “सर, एक बोलू का? कप माझा न्हाई. माझ्या जावंचा हाय, साळूबाईचा. तिचा कप आन् नाव माझं, असं झालं तर ती दिवाळीपातुर बोलायची न्हाई.”

सर्वांनी वकिलांकडे पाहिले. “साधनसामग्री,” वकील शांतपणे म्हणाले. ‘वर्तुळनिर्मिती: हरणाबाई. वर्तुळसाधन: साळूबाई’.

अशा रीतीने नावांचा ओघ वाढत चालला. मधुकररावांनी पत्रे लिहिण्याच्या कागदाची मांडणी केली, तेव्हा वर चिन्ह, त्याखाली नावे, डाव्या बाजूस नावे, तळाशी नावे, आणि मध्ये मोकळी जागा उरली ती ‘सप्रेम नमस्कार’ एवढेच लिहिण्यापुरती. बाकीचे पत्र पाठीमागे लिहावे, असा तोडगा आप्पासोंनी सुचवला. लगेच ‘पृष्ठभागोपयोग: आप्पासो’ अशी भर पडून ‘सप्रेम’ लिहिण्याची जागाही गेली, नुसता ‘नमस्कार’ उरला!

तरीही मधुकरराव खचले नाहीत. चिन्हाखाली सर्वांत वर त्यांचेच नाव होते, आणि ते चष्म्याविना वाचता येत होते.

छपाईचे काम कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छापखाना चालवणाऱ्या भाऊसोंना देण्यात आले. भाऊसोंची ख्याती लग्नपत्रिकांची. हंगामात त्यांच्या यंत्रावर इतक्या पत्रिका निघत, की गणपतीचा ठसा झिजून सोंड दिसेनाशी झाली होती. मधुकररावांनी कच्ची प्रत डोळ्यांत तेल घालून तपासली, चिन्हाचा पिवळा रंग पसंत केला आणि निश्चिंत मनाने ते साताऱ्यास परतले. समारंभ रविवारी दुपारी सांगलीच्या एका सभागृहात व्हायचा होता. परिचयपत्रकाचे वाटप, आणि त्यापाठोपाठ संकेतस्थळाचे उद्घाटन. साताऱ्याचे निम्मे आप्तेष्ट त्यांनी आमंत्रित केले.

मधुकररावांच्या पश्चात मात्र नावांनी विश्रांती घेतली नाही. आप्पासोंनी आपल्या सोने गाळणाऱ्या भाऊबंदांशी फोनवरून रंगाची चर्चा केली होती, ती त्यांना ऐन वेळी आठवली. एक कोइमतूरला, एक जबलपूरला, आणखी कोण कोण कुठे कुठे! त्यांनी सर्वांनी ‘पिवळा बरा’ म्हटले होते. सोन्याच्या माणसांनी दुसरे काय म्हणावे? आप्पासोंनी ही नावे वकिलांना कळवली आणि वकिलांनी छापखान्यात निरोप धाडला: “एकही नाव गळता कामा नये. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे!”

रविवारी मधुकरराव इस्त्रीचा सदरा घालून, प्रमोदिनीबाईंसह सभागृहात शिरले. दारातच परिचयपत्रके वाटली जात होती. त्यांनी ते तिथेच उघडले.

वर ठळक अक्षरांत छापले होते: ‘बोधचिन्ह: मधुकर देवस्थळी’. नाव खरोखर चष्म्याविना वाचता येत होते. खाली नावे, बाजूला नावे, आणि पाठीमागेही नावे. मधुकररावांनी पत्रक उलटले, पुन्हा सुलटे केले, उजेडात धरले. बोधचिन्ह कुठेच नव्हते!

भाऊसो मागच्या दाराशी पान लावत उभे होते. मधुकरराव त्यांच्यावर धावून गेले.

“भाऊसो! चिन्ह कुठे आहे?”

“काढलं की, सर!” भाऊसो अत्यंत समाधानाने म्हणाले.

“काढलं? का काढलं?”

“जागा कुठं व्हती? ऐन टायमाला नावं वाढली. वकीलसायेब म्हणले, नाव गळायचं न्हाई. मग काय गळायचं? आवं, लग्नपत्रिकेत आमी हेच करतो. आधी कलश काढायचा, मग तोरण, आन् लयच नावं झाली तर गणपती. गणपती काय रुसून परत जात न्हाई. पर मावशीच्या नवऱ्याचं नाव चुकलं, तर मांडवात अक्षता पडायच्या थांबत्यात! न्हाई म्हणता?”

“हा काय लग्नाचा मांडव आहे?”

“मग एवढी नावं कशापायी छापली?” भाऊसोंनी निरागसपणे विचारले.

मधुकरराव तसेच मागे वळले. परंतु आशा सुटली नव्हती. संकेतस्थळ होते ना! विश्रामबागेच्या संगणक वर्गात शिकवणारी मयूरी नावाची हुशार मुलगी ते तयार करीत होती आणि मूळ चित्र तिच्यापाशी होते. मधुकरराव धापा टाकीत व्यासपीठाजवळ गेले.

“मयूरी, संकेतस्थळावर चिन्ह आहे ना, बेटा?”

“आहे ना, सर! अगदी मोठं ठेवलंय. फक्त ते यायला जरा वेळ लागतो. आधी नावं येतात, मग चित्र.”

“इथेही नावं आधी?” मधुकरराव क्षीण स्वरात म्हणाले.

“अक्षरं हलकी असतात, सर. चित्र जड असतं.”

उद्घाटन सुरू झाले. मयूरीने फोनची तार संगणकाला जोडली. यंत्रातून प्रथम शिट्टी, मग घरघर, मग कुणी पितळी परात फरशीवरून ओढावी तसा ध्वनी निघाला. पुढच्या रांगेतल्या वृद्धांनी हात जोडले. पडद्यावर नावे अवतरू लागली. प्रत्येक नावाला टाळी पडत होती. ‘वर्णविरोध: नाथाजी’ येताच नाथाजी उठून सभेला नमस्कार करते झाले. ‘वर्तुळसाधन: साळूबाई’ आले आणि मागून आवाज उठला, “आली गं बया! टीव्हीत आली!”

शेवटी वरच्या बाजूने चित्र उतरू लागले. एक रेघ. दुसरी रेघ. चहाच्या वर्तुळाची वरची कड दिसली. कुंचल्याचे टोक दिसले. मधुकररावांनी प्रमोदिनीबाईंचा हात घट्ट धरला. भर सभेत त्यांनी असा हात धरण्याची ही पहिलीच वेळ. प्रमोदिनीबाई दचकून इकडेतिकडे पाहू लागल्या.

अशा त्या पवित्र घटकेला, शेजारच्या खोलीत आप्पासोंनी त्याच तारेवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला! संकेतस्थळ उघडल्याची शुभवार्ता कोइमतूरला कळवण्याचा त्यांचा हेतू होता.

यंत्र एकदा हुंदका देऊन थांबले. चित्र जिथल्या तिथे गोठले. मयूरीने पुन्हा खटपट केली, तेव्हा चित्राच्या जागी एक रिकामी चौकट आली आणि तिच्या कोपऱ्यात बारीकशी लाल फुली.

“वा!” आप्पासो परत येऊन, पडद्याकडे पाहून म्हणाले. “सुटसुटीत हाय! आधीच्यापरास बरं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मधुकररावांच्या मस्तकात काहीतरी पेटले. तेवढ्यात देवदत्त वकील व्यासपीठावरून म्हणाले, “पत्रकात कोणाला काही न्यून आढळल्यास त्यांनी आताच सांगावे. नीतीचे मंडळ आहे. दुरुस्ती तत्काळ होईल.”

मधुकरराव उठले. या वेळी अर्धे नव्हे, पूर्ण उठले.

“बोला, सर!”

“पत्रकात...” मधुकरराव म्हणाले, “समजा, वकीलसाहेब, एखाद्याचे नाव छापले आहे, पण त्याचे काम पत्रकात नाही. तर मग...?”

“सोपे आहे,” वकील तत्परतेने म्हणाले. “नियमाचा दुसरा भाग. ते नाव गाळावे लागेल. आणि त्या कामाशी निगडित अशी बाकीची सर्व नावेही. आजच्या आज, प्रत्येक प्रतीवर काळी शाई फिरवून! कोण आहे असा इसम?”

मधुकररावांनी सभोवार पाहिले. नाथाजी आपले नाव नातलगांना दाखवत होते. मौनसंमतीवाले प्रथमच मोठमोठ्याने बोलत होते. हरणाबाईंना वाचता येत नव्हते. त्या मयूरीला पुन्हा पुन्हा विचारून आपल्या नावावर बोट फिरवीत होत्या, आणि शेजारी साळूबाई, कपाची मालकीण, ताठ मानेने बसल्या होत्या. पत्रकात चिन्ह नाही, हे त्या अवघ्या सभागृहात कोणाच्याही ध्यानी आले नव्हते. प्रत्येकाने आपले नाव शोधले होते आणि ते सापडले होते.

मधुकररावांनी हातातल्या पत्रकाकडे पाहिले. चष्मा न लावता.

“बोला ना, सर! कोण तो इसम?”

“कोणी नाही,” मधुकरराव म्हणाले. “शंका आपली तात्त्विक होती. मला इतकेच विचारायचे होते, की... जास्तीच्या प्रती मिळतील का?”

प्रती मिळाल्या. भरपूर मिळाल्या. परतीच्या एसटीत त्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेरचे उसाचे फड पाहत होते. प्रमोदिनीबाईंनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “माझ्यापुढं ‘सौ.’ छापलंय, हे बरं केलं.” संसारात काही प्रश्न न विचारण्यातच थोरवी असते, ती त्यांच्या अंगी होती.

शेजारच्या निवृत्त सुभेदार जयराजांपाशी मात्र ती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी त्यांना पत्रक दिले. सुभेदारांनी हद्दीची टेहळणी करावी तसे ते इंचाइंचाने तपासले.

“सर, नाव लय मोठं छापलंय की! शाब्बास! पर तुमी काढलेलं चित्र यात कुठाय?”

मधुकररावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“सुभेदार,” ते शक्य तितक्या गांभीर्याने म्हणाले, “चित्र पुढच्या आवृत्तीत येईल. या आवृत्तीत नुसता मीच आहे!”